एमटीबी (माउंटन बाइक) घेताना काय पाहिलं, कुठे फसलात? नागपूरकरांनो, लिहा

पोराची दहावी झाली पण सायकल मला घ्यायची आहे. वय 44, उंची 5 फूट 4 इंच, बजेट 25 हजारापर्यंत. रोज सकाळी फुटाळा तलाव, सेमिनरी हिल्सचा चढ, रविवारी गोरेवाड्याकडचा कच्चा रस्ता, बस. दुकानदार म्हणतो 29 इंची चाकाचीच घ्या, तीच चालून राहिली आहे सध्या. वेबसाईटवरचे फीचर मी वाचलेत, ते नको. घेतल्यावर काय झालं ते सांगा.

तर्रीपोहे
मी डबल शॉकर घेतली होती, मागेपण स्प्रिंग. गल्लीतले पोट्टे पाहायला जमा झाले, लय भारी वाटलं. दुसऱ्या दिवशी सेमिनरीच्या चढावर कळलं, पायडल मारलं की सायकल पुढे जायच्या आधी खालीवर होते, अर्धा दम त्या स्प्रिंगमध्येच जाऊन राहिला होता. घरच्या वजनकाट्यावर सायकल उचलून उभा राहिलो, मग नुसता उभा राहिलो, फरक 19 किलो! तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्वस्तात मागचा शॉकर घेऊच नका बापा. पुढचा पुरे, आणि त्याला लॉकआउट पाहा, म्हणजे डांबरी रस्त्यावर बंद करता येतो.

फ्रेम_एस
चाकापेक्षा फ्रेमचं माप पाहा. माझी उंची 5 फूट 3, मला एल म्हणजे मोठ्या मापाची फ्रेम दिली, "सीट खाली करून देतो ना मॅडम." सीट खाली केल्याने हँडल थोडंच जवळ येतं? महिनाभर मान आणि मनगटं धरली, मी म्हटलं वय झालं. मग मैत्रिणीची एस, म्हणजे लहान मापाची चालवली आणि कळलं. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहा, मध्ये दोनेक इंच मोकळे हवेत. बोटं लहान असतील तर ब्रेकचा लिव्हरपण पाहा, बऱ्याच लिव्हरला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येतो. हे मला दोन वर्षांनी कळलं.

काटेकोर
गोरेवाड्याकडे म्हणजे बाभळीचे काटे आलेच. ट्यूब बदलली, पाच मिनिटात परत फुस्स, कारण काट्याचं मोडलेलं टोक टायरमध्येच होतं. आतून फडकं फिरवा, अडकेल तिथे काटा. बोट नका फिरवू, मी फिरवलं. आणि वॉल्व बारीक म्हणजे प्रेस्टावाला असेल तर पेट्रोल पंपावरचा पाइप बसत नाही, छोटा पितळी अडॅप्टर ठेवा खिशात. हवा ठासून भरू नका, मी 60 पीएसआय भरायचो तर खडीवर सायकल नाचायची, आता 35 वर छान चालते.

सिमेंटरोड
भाऊ, रोज फुटाळा अन् रविवारी थोडा कच्चा, त्याच्यासाठी एमटीबी काहून? हायब्रीड घे ना, रोड सायकल अन् एमटीबीच्या मधली. नाहीतर 29 घे, तिचा रिम 700सी च्याच, म्हणजे रोड अन् हायब्रीडच्या चाकाच्याच मापाचा, दोन्ही 622 मिलीमीटर. मी बटणवाले टायर काढून 40 मिलीमीटर रुंदीचे गुळगुळीत टाकले तर सिमेंट रोडवरची घरघर गेली. आणि 21 गिअर ऐकून भुलू नको, 3 गुणिले 7, त्यातले कित्येक सारखेच पडतात. मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट ते विचार, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्या चाकाला कशा बसवल्या ते. फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग आत राहते, अॅक्सलचा, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचा, तेवढा भाग बिनआधाराचा. माझा एका स्पीडब्रेकरवर वाकला, वजन 92 किलो आहे म्हणा माझं.

धागाकर्ता
दोन दुकानं झाली. पहिला चालवूच देईना, टायर मळतात म्हणे. दुसऱ्याने दिली. एस फ्रेम, 27.5 इंची चाकं, कॅसेट आहे. सामान तोलायचा हुकवाला काटा पिशवीत नेला होता, सायकल टांगली तर 14.6 किलो भरली. दुकानदार हसला, पोरगा लाजून बाहेर जाऊन उभा राहिला. पैसे अजून दिले नाहीत, ब्रेकच्या लिव्हरचा तो स्क्रू पाहायचा राहिला.