'कार्ड बसलं' म्हणजे लागलं की गेलं?

धंतोलीकर:
डेस्कटॉप दुरुस्ती शिकणाऱ्या मुलांसाठी एक पत्रक मराठीत करते आहे. पीसी सुरू होतो, पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही, अशा वेळी काय काय तपासायचं ते त्यात आहे. ग्राफिक्स कार्डाच्या पायरीला मी लिहिलं: 'कार्ड बसलं आहे का ते पाहा. बसलं नसेल तर काढून पुन्हा बसवा.' तपासणाऱ्यांनी हे वाक्य खोडलं. त्यांचं म्हणणं, नागपुरात कार्ड बसलं म्हणजे निकामी झालं. बॅटरी बसते, धंदा बसतो, तसंच ते. मुलगा म्हणेल, 'बसलं नाही ना, मग चांगलं आहे', आणि पुढच्या पायरीला जाईल. माझ्या कानाला 'बसणे' म्हणजे जागेवर घट्ट जाणं. इकडच्या दुकानांत हा शब्द कोणत्या अर्थाने चालतो? आणि 'बसवा'ऐवजी 'लावा' लिहिलं तर भागेल का?

सोल्डरगन:
दोन्ही अर्थ चालतात, आणि एकाच काउंटरवर चालतात. गिऱ्हाईक 'कार्ड बसलं वाटते' म्हणतं तेव्हा त्याला कार्ड गेलं असं सांगायचं असतं. आतला माणूस पोराला 'बसलं का?' विचारतो तेव्हा कार्डाची पट्टी मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये, म्हणजे खोबणीत, पूर्ण गेली का, एवढंच विचारतो. पत्रकात शब्दावर विसंबू नका, खूण द्या. सोनेरी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी आत गेली पाहिजे. स्लॉटच्या टोकाची क्लिप आपोआप वर येऊन अडकली पाहिजे. मागच्या ब्रॅकेटचं भोक कॅबिनेटच्या भोकावर न ओढता आलं पाहिजे. ही तिसरी खूण फार जण सोडतात. कॅबिनेटची मागची पट्टी वाकडी असली की स्क्रू आवळताना कार्डाचं एक टोक वर उचललं जातं. आधी बसलेलं कार्ड स्क्रूने उठतं.

'लावा' मात्र नको. लावतात केबल. 'कार्ड लावा' म्हटलं तर पोरगं कार्डाला पॉवरची केबल लावून मोकळं होईल.

पारिभाषिक:
मुळात 'कार्ड', 'स्लॉट', 'डिस्प्ले', 'पॉवर' ही चार परकी नामं एका ओळीत ठेवल्यावर बिचाऱ्या क्रियापदाने किती ओझं वाहायचं? नामं मराठी करा, क्रियापद आपोआप स्पष्ट होईल. 'आलेखी पत्रक खोबणीत पूर्ण शिरले आहे का ते पाहा.' यात 'निकामी' हा अर्थ कुठून काढाल? शिकणाऱ्या मुलांसाठी आहे म्हणूनच हे केलं पाहिजे. शिकताना जो शब्द तोंडी बसतो तो जन्मभर राहतो.

काहून:
पारिभाषिक काका, तुमच्याच शेवटल्या वाक्यात शब्द 'तोंडी बसतो'. तो तिथं निकामी नाही झाला, पक्का झाला. म्हणजे अर्थ सोबतच्या शब्दानं ठरते, नाम मराठी असो का इंग्रजी. 'आलेखी पत्रक' घेऊन बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, गेलं तर दुकानदार आलेखाची वही काढून देईल. मी मनापासून सांगून राहिलो, पोराला उद्या त्याच बाजारात काम करायचं आहे.

ताई, तुमचे तपासणारे चुकले नाहीत. क्रियापदाच्या आधी जागा नसली तर आपल्याकडं 'बसलं' बिघाडाकडंच जाते. 'टीव्ही बसला', 'मोटर बसली'. जागा सांगितली की फिरते: 'स्लॉटात बसलं'. आणि आणखी एक शब्द टाळा: 'फसलं'. पुण्याकडं बेत फसतो. इथं कार्ड फसते, म्हणजे अडकते. क्लिप न दाबता ओढलं की फसलं.

मूळधातू:
'बसणे' हे जुन्या मराठीतलं 'बैसणे', आणि त्याच्या मागे संस्कृत 'उपविश्'. त्यात 'विश्' म्हणजे शिरणे, प्रवेश करणे. म्हणजे स्लॉटमध्ये शिरणं हा अर्थ धातूतच आहे; पारिभाषिकांनी 'शिरले' लिहून मुळाकडचाच शब्द उचलला. खाली जाणं हा अर्थही आसनावर खाली टेकण्यातून सरळ येतो: गाळ बसतो, भिंत बसते, गाल बसतात, आवाज बसतो. आणि जे खाली टेकलं ते स्थिर झालं, म्हणून ठसा बसतो, विश्वास बसतो, मेळ बसतो. एकाच धातूचे दोन फाटे आहेत, एक खचण्याचा, एक जम धरण्याचा. माझ्या मते 'खाच' हा शब्दही 'खचणे'च्याच घरातला असावा.

पारिभाषिक:
'खाच' आणि 'खचणे' यांचा आवाज जुळतो म्हणून नातं लावता येत नाही. खाच कोरून, कापून केलेली असते. खचणारी जमीन कुणी कापत नाही. 'उपविश्' मान्य. पण हजार वर्षांपूर्वी धातूचा अर्थ काय होता यावर आज स्क्रूड्रायव्हर हातात घेतलेल्या मुलाचं वाक्य उभं करू नका.

सोल्डरगन:
'बसलं'इतकाच घोळ 'डिस्प्ले'त आहे, तो आधी सोडवा. मोबाइलवाल्याकडे 'डिस्प्ले गेला' म्हणजे काच किंवा पॅनल फुटलं. डेस्कटॉपवाल्याकडे 'डिस्प्ले नाही' म्हणजे चित्राचा सिग्नल नाही. पत्रकात हे वेगळं नाही केलं तर मुलगा चांगला मॉनिटर खोलून बसेल.

त्यातही तीन अवस्था आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी. मॉनिटर स्वतः 'नो सिग्नल' लिहून दाखवतो: मॉनिटर जिवंत आहे, त्याच्याकडे काही पोचत नाही. सगळ्यात आधी केबल कुठे खोचली ते पाहा. मदरबोर्डच्या उभ्या पोर्टांच्या रांगेत एचडीएमआय असतं, कार्डाचं त्याच्या खाली आडव्या पट्टीवर असतं. कार्ड लावल्यावरही केबल वरच राहिली, ही चूक वारंवार दिसते. इंटेलच्या नावाशेवटी एफ असलेला प्रोसेसर किंवा रायझन ५ ५६०० असेल तर त्याला आतलं ग्राफिक्सच नाही, म्हणून वरच्या पोर्टातून कधीच काही येणार नाही. मॉनिटरचा इनपुटही बघा. केबल डिस्प्लेपोर्टात आणि मॉनिटर एचडीएमआयवर ठेवलेला असतो.

दुसरी अवस्था: कंपनीचा लोगो दिसतो, विंडोज येता येता काळं. ही कार्ड न बसण्याची तक्रार सहसा नसते. इथे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, आधी. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा, ड्रायव्हर पुन्हा उठतो. नाही जमलं तर सेफ मोडमधून ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका.

तिसरी: चित्र येतं पण रंगीत चौकोन, उभ्या रेघा. दुकानात याला 'लायनी येतात' म्हणतात. केबल आणि पोर्ट बदलूनही तेच, आणि लोगोपासूनच तेच असेल तर कार्डाच्या मेमरीवर किंवा चिपच्या सोल्डरच्या टाक्यांवर संशय घ्या.

धंतोलीकर:
हे फार उपयोगी आहे. मी पहिल्या अवस्थेला 'चित्र येत नाही' लिहावं का? टीव्हीच्या काळापासून 'आवाज येतो, चित्र येत नाही' सगळ्यांना कळतं.

काहून:
हौ, 'चित्र येत नाही' एकदम बरोबर. 'मुंग्या येतात' हाही त्याच काळातला, पण तो इथं नका वापरू. ते अँटेनाचं होतं. एचडीएमआयची केबल खराब असली तर पांढरे ठिपके चमकतात खरे, पण मुंग्यांसारखा पडदा भरत नाही. पोरगं दोन्ही एक समजेल.

पारिभाषिक:
पाहा, 'चित्र' हा शब्द मिळाल्याबरोबर 'डिस्प्ले'ची गरज संपली. हेच मी म्हणतो आहे. शोधलं की सापडतो. दूरध्वनी, महापौर, दिग्दर्शक हेही कुणीतरी घडवलेलेच शब्द आहेत, आज कुणाला खटकत नाहीत. नागपूर तर आधी मध्यप्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, इथे कारभार मराठी आणि हिंदी दोन्हींत चालला. परिभाषा घडवण्याची या शहराला सवय आहे.

काहून:
सवय आहे, अन् त्याच्यातले किती शब्द कचेरीच्या बाहेर आले तेही बघा. 'दूरध्वनी' पाटीवर आहे, बोलताना आपण 'फोन' करतो. 'चित्र' घडवलेला नाही ना काका, तो लोकांच्या तोंडचाच होता. अन् 'खोडरबर' पाहा: अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी, कुण्या समितीनं नाही केला. त्याला तुम्ही काय म्हणता?

पारिभाषिक:
खोडरबर उत्तम शब्द आहे. 'खोड' हा आपला धातू पुढे आहे म्हणून तो आपला झाला. त्याच न्यायाने 'चित्रकार्ड' करा, मी तक्रार करणार नाही.

मूळधातू:
'चित्रकार्ड' म्हणजे पाकिटातलं पोस्टकार्ड वाटेल.

सोल्डरगन:
खोडरबराचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल स्पष्ट लिहा. पट्टी खोडरबराने घासून कार्ड लावलं की पुष्कळदा चित्र येतं, म्हणून सगळे तेच करतात. पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. शाईचा खरखरीत रबर तो उडवतो, आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये गेला तर नवा त्रास. मऊ पांढरा रबर, हलक्या हाताने, पट्टीच्या लांबीच्या दिशेने नको, कडेकडे, आणि भुगा ब्रशने झाडून. त्याहून बरं ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. वाळल्यावरच कार्ड परत घाला.

नागपुरात आणखी एक. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो आणि घरोघर डेझर्ट कूलर चालतात. कूलरचा ओला वारा थेट कॅबिनेटवर येत असेल तर धूळ ओली होऊन स्लॉटमध्ये आणि पंख्यांवर थर धरते. कॅबिनेट कूलरच्या रेषेतून हलवा, नाही तर साफ केलेलं कार्ड पुन्हा तीच तक्रार घेऊन येईल.

धंतोलीकर:
'थर धरते' की 'थर बसतो'?

सोल्डरगन:
बसतो. पण या पत्रकात 'धरते' लिहा, निदान एक 'बसणे' कमी होईल.

दुहेरी_आठ:
पॉवरच्या केबलबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. कार्ड स्लॉटमध्ये नीट आहे, पंखे फिरतात, तरी चित्र नाही, यात हे मोठं कारण आहे. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांची केबल आणखी ७५, आठ पिनांची १५०. कार्डाला आठ-आठच्या दोन जागा असतील तर दोन्ही भरा, आणि शक्यतो एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यातून, दोन वेगळ्या केबली आणा. एकाच केबलच्या दोन शेपट्या मोठ्या कार्डाला लावू नका.

आणि दुकानात प्रोसेसरची केबल आणि कार्डाची केबल, दोघींनाही 'आठ पिनची' म्हणतात, ते पत्रकात चालणार नाही. प्रोसेसरची केबल चार अधिक चार अशी तुटते, कार्डाची सहा अधिक दोन. बारा व्होल्ट आणि ग्राउंडच्या (अर्थिंगच्या) बाजू दोन्हींत उलट आहेत. साचा वेगळा असल्याने सहज जात नाही, पण जोर करून घातली तर सरळ शॉर्ट. नावं 'प्रोसेसरची आठ' आणि 'कार्डाची आठ' अशी द्या.

नव्या कार्डांची सोळा पिनांची केबल तर टिचकीचा आवाज येऊनही किंचित बाहेर राहू शकते. कडा कडेला टेकली का ते डोळ्यांनी बघा. अर्धवट राहिली की पिना तापतात, प्लास्टिक वितळतं. तोंडाशीच केबल वाकवूही नका.

काहून:
इथं आता 'केबल बसली का' म्हणायचं का नाही?

दुहेरी_आठ:
'पूर्ण आत गेली का' म्हणा.

मूळधातू:
मग कार्डालाही 'पूर्ण आत गेलं का' का नको? पण 'गेलं' म्हणजे पुन्हा मेलं. 'कार्ड गेलं' यात 'कार्ड बसलं'पेक्षा शंका कमी आहे. मराठीत जागा बदलणारं जवळजवळ प्रत्येक क्रियापद बिघाडाकडे वळतं: गेलं, बसलं, उडालं, उतरलं, सुटलं, पडलं.

सोल्डरगन:
ते सगळे सारखे नाहीत. 'उडालं' म्हणतात तेव्हा व्होल्टेजच्या झटक्याने जळलं असा अर्थ असतो. 'शॉर्ट' म्हणजे कार्ड लावलं की पीसी सुरूच होत नाही, पंखा एकदा हलून थांबतो. मीटर लावला तर बारा व्होल्टची रेषा आणि ग्राउंड यांच्यात रोध जवळपास शून्य. 'गेलं' म्हणजे कारण माहीत नाही. हे वेगळेपण जपा, कारण पुढचं काम त्यावर ठरतं. शॉर्ट कार्डाला पुन्हा पुन्हा पॉवर देऊन पाहायचं नसतं.

धंतोलीकर:
आणि कार्ड ठीक की बोर्ड ठीक, हे मुलाने कसं ओळखायचं? दुसरं कार्ड प्रत्येकाकडे नसतं.

दुहेरी_आठ:
बोर्डावर चार बारीक दिवे असतील तर त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं. दिवा डीरॅमवर थांबला तर कार्डाला हात लावू नका, रॅमच्या पट्ट्या एकेक करून पाहा. व्हीजीएवर थांबला तर कार्ड, त्याची केबल, स्लॉट. दिवे नसतील आणि बोर्डाला छोटा स्पीकर लावलेला असेल तर बऱ्याच बोर्डांवर एक लांब, दोन आखूड बीप म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. प्रोसेसरला आतलं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटर बोर्डाला जोडा: चित्र आलं की उरलेला संशय कार्ड, स्लॉट आणि कार्डाच्या पॉवरवर.

बायोसच्या, म्हणजे बोर्डाच्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंगचा संशय असेल तर वीज काढून, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरून, बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. नंतर डीडीआर५ रॅमच्या बोर्डावर पहिल्यांदा चित्र यायला काही मिनिटं लागू शकतात. त्या काळ्या पडद्याला घाबरून वीज तोडू नका, रॅमची जुळणी चाललेली असते.

पारिभाषिक:
'रॅमची जुळणी' चांगलं केलंत. आणि स्लॉटच्या त्या 'क्लिप'ला 'खटका' म्हणा. अगदी नेमका मराठी शब्द आहे: 'खटका दाबून कार्ड वर उचला.'

काहून:
काका, हा नका लिहू. आपल्याकडं खटका म्हणजे भिंतीवरचा स्विच. 'खटका दाबा' वाचून पोरगं कार्ड हातात धरून पॉवर चालू करेल.

पारिभाषिक:
बंदुकीलाही खटका असतो, कुलपालाही असतो. अडकवून धरणारा भाग हाच त्याचा अर्थ आहे, स्विच नंतर आला.

सोल्डरगन:
अर्थ कोणता आधी आला याने कार्ड वाचणार नाही. 'स्लॉटच्या टोकाची प्लास्टिकची जीभ' लिहा.

मूळधातू:
'जीभ' चपलेला, बुटाला, बकलाला लावतात, अर्थ पोचतो. पण काही बोर्डांवर ती बाजूला सरकते, काहींवर खाली दाबायची असते. क्रियापद कोणतं देणार?