सगळ्यांनी सही केली, तुम्हीच राहिलात!

(विलेपार्ले पूर्व, ४० घरांची सोसायटी, पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर. रविवार रात्र, सोसायटीचा ग्रुप.)

सी-१२ : (फॉरवर्डेड) ॥ श्री गणेशाय नमः ॥ ज्या वास्तूने पन्नास वर्षं सावली दिली, तिला नवा जन्म देण्याची घडी आली आहे. आपले बिल्डरसाहेब आपल्यासारखेच चाळीत वाढलेले. सन्मान, स्वप्न, समृद्धी! एका नामवंत अभिनेत्यानेही त्यांच्याकडेच घर घेतलंय. मोजके विघ्नसंतोषी सोडले तर सगळ्यांनी सही केली, तुम्हीच राहिलात!

बी-७ बाई : वाचलं. ३२ वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे हात शिवशिवतायत. अहो, हे पत्रक कुठलं, महाकाव्य आहे! संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने काव्यादर्शात सांगितलंय, आरंभ आशीर्वादाने, नमस्काराने किंवा थेट कथावस्तू सांगून करावा. इथे नमस्कार झाला. नायक त्याला चतुर आणि उदात्त लागतो. चतुर आहेच.

ए-३ : बाई, जेवताना ठसका लागला.

सेक्रेटरी : कृपया विषयाला धरून. मंगळवारी सभा आहे.

बी-७ बाई : विषयच आहे सेक्रेटरीसाहेब. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रचाराचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली होती. तिने लोकांना गुंडाळायच्या सात क्लृप्त्या सांगितल्या. विरोधकाला शिवी चिकटवायची : विघ्नसंतोषी. गोड पण पोकळ शब्द : सन्मान, समृद्धी. पवित्र गोष्टीचा आडोसा : गणपती. मोठ्या माणसाची साक्ष : अभिनेता. मी तुमच्यातलाच : चाळ. आणि सगळे चाललेत, तुम्हीही चला. झाल्या की सहा!

ए-११ (ताई) : आणि सातवी?

बी-७ बाई : ती संदेशात सापडणार नाही, कारण ती न लिहिलेल्यात असते. सोयीचे पत्ते वर, गैरसोयीचे खाली. वाढीव कार्पेट एरिया मोठ्याने, नव्या इमारतीचा मेंटेनन्स पुटपुटत. नरो वा कुंजरो वा. भाडं किती महिने? बँक गॅरंटी?

ए-३ : आणि ‘सगळ्यांनी’ म्हणजे किती जणांनी?

सेक्रेटरी : १७.

ए-३ : ४० पैकी १७? ४ जुलै २०१९ च्या जीआरप्रमाणे ५१ टक्के संमती लागते. म्हणजे आपल्याकडे २१ जण हवेत.

सी-१२ : बाकीचे तोंडी तयार आहेत हो. आणि बाई, परवा तुम्हीच लिहिलंत, ‘कौरवांच्या सभेला मी येणार नाही’. ती कितवी क्लृप्ती?

(बराच वेळ कोणी लिहिलं नाही. बाई टायपिंग… बाई टायपिंग…)

बी-७ बाई : पहिली. पकडलंत. रागात लिहिलं, चूक झाली. आणि महाभारताचीच बेअदबी केली. तिथे एकाच माणसाला अनेक नावं, अर्जुन कधी सव्यसाची, कधी गुडाकेश, छंदात जसं बसेल तसं. पण दुर्योधनालाही सुयोधन म्हटलेलं आहे. आणि भर द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने उभा राहिला तो विकर्ण, तोही कौरवच.

सी-१२ : म्हणजे मी विकर्ण?

बी-७ बाई : ते मंगळवारी कळेल.

ए-११ (ताई) : बाई, माझा परवा पेपर आहे, गोष्ट मध्येच सुरू होते त्याचं आपल्याकडचं एक उदाहरण द्या ना.

बी-७ बाई : भीष्मपर्व घे. संजय रणांगणावरून येतो आणि आधी एकदम सांगतो, भीष्म पडले. धृतराष्ट्र कोसळतो, मग विचारत सुटतो : कसे पडले? कोण होतं जवळ? तेव्हा संजय दहा दिवसांचं युद्ध पहिल्यापासून सांगायला बसतो. गीतासुद्धा त्याच ओघात येते, म्हणजे ऐकणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. आपल्यालाही शेवट आधी कळलाय : बिल्डर ठरला. कसा ठरला, ते कोणी सांगितलेलं नाही. धृतराष्ट्र आंधळा होता, पण प्रश्न तरी विचारत होता. आपण अंगठे दाखवतोय.

ए-३ : 👍 (सवयीने गेला, माफ करा)

सेक्रेटरी : तीन निविदा आल्या होत्या. तुलनेचा तक्ता आणि पीएमसीचा (प्रकल्प सल्लागाराचा) फिजिबिलिटी रिपोर्ट ऑफिसच्या कपाटात आहे. लपवलेलं नाही, कोणी मागितलंच नाही.

बी-७ बाई : आता मागतेय.

सेक्रेटरी : (पीडीएफ, ८६ पानं)

बी-७ बाई : माझ्या मोबाइलवर उघडत नाहीये. कागदावर द्या. तक्त्याचं पान मोठ्या अक्षरात.

सी-१२ : तक्ता मी काढून आणतो, स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला दहापर्यंत असतो. किती प्रती? सही न केलेल्यांच्या २३?

बी-७ बाई : ४०. सही केलेल्यांनीही वाचलेला नाही.