रानडुक्कर इतकं चिवट कशामुळे? माहितगारांनी लिहा

मुळशी, भोर, वेल्ह्याकडे भात पोटरीत आला की रानडुकरं उतरतात. घाव लागूनही ती पळतात कशी, कुंपणातून घुसतात कशी, हे जाणणाऱ्यांनी लिहावं. किस्से नकोत, उपयोगी तपशील हवेत.

घाटमाथा : नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखा घट्ट थर असतो. नर एकमेकांना सुळे मारतात, त्यांपासून बचावाची ही ढाल; माजाच्या काळात ती आणखी जाड होते. हृदय छातीच्या तळाशी, पुढच्या पायांमध्ये असतं. पाठीवरच्या राठ केसांमुळे जनावर आहे त्याहून उंच दिसतं आणि घाव वर बसतो. चरबीने जखमेचं तोंड बुजतं, म्हणून रक्ताचा माग लागत नाही. युरोपात रानडुकराच्या भाल्याला पात्याखाली आडवी दांडी असे. नाहीतर भाला अंगात घेऊन ते दांड्यावरून थेट माणसापर्यंत येई.

कायद्याचं बोला : १९७२च्या वन्यजीव कायद्यात २०२२च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. परवानगीशिवाय मारणं गुन्हा. फासे आणि गावठी बॉम्ब तर नकोच नको, त्यात गुरं-कुत्रीही जातात.

झटकावाला : झटका मशीनच्या (तारेत थांबून-थांबून विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राच्या) कुंपणात सगळ्यात मोठी चूक तारेच्या उंचीत होते. राठ केस आणि जाड कातडी यांमुळे खांद्याला झटका नीट बसत नाही, ओल्या नाकाला बसतो. म्हणून पहिली तार जमिनीपासून २० सेंटिमीटरवर, दुसरी ४५, तिसरी ७५. पहिली तार ३०-३५ वर गेली की डुक्कर नाक खाली घालून घुसतं, आणि एकदा खांदा आत गेला की ते मागे फिरत नाही, पुढेच रेटतं. झटका मशीन पेरणीनंतर लगेच सुरू करा. कणसाची चटक लागल्यावर लावलेली तार ते जुमानत नाही.

दुसरी चूक अर्थिंगची. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात एक सळई पुरत नाही. दीड-दोन मीटरच्या तीन सळया तीन-तीन मीटरवर ठोका, बुडाशी पाणी घाला. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला मीटर लावून बघा, ४,००० व्होल्टच्या खाली असेल तर बहुधा गवत तारेला टेकलंय. पावसाळ्यात दर आठवड्याला गवत कापावंच लागतं. घरची लाइन सरळ तारेत सोडू नका, माणसं मेलीत त्याने.

उसाचा फड : जाळीचं कुंपण असेल तर खालची एक फूट जाळी बाहेरच्या बाजूला दुमडून मातीत गाडा. ते उडी कमी मारतं, मुसंडीने जाळी खालून उचलतं. साड्या बांधून चार-सहा रात्री निभतात, पुढे नाही.

प्रथमोपचार : जखमी डुक्कर फडात शिरलं तर मागे जाऊ नका, वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. नराचा सुळा खालून वर चिरतो, वार बहुधा मांडीवर बसतो. रक्त उसळत असेल तर स्वच्छ कापडाने सलग दाबून धरा, कापड भिजलं तरी काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. ओरखडा किंवा चावा असेल तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवा, आणि रेबीजची लस व धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी.