मदत हवी आहे: आईची बोटं थंडीत पांढरी पडतात, कोणते हातमोजे घ्यावेत?

गोदाकाठची (मंगळवार, रात्री 10:40)
आईच्या हातापायांची बोटं थंडीत पांढरीफटक पडतात. मग निळी, बधिर. घरात आली की लाल होऊन ठणकतात, तेव्हा ती कुणाशी बोलत नाही, नुसती भिंतीला टेकून बसते. गेल्या वर्षी हातमोजे घेतले, फुकट गेले. यंदा साडेआठशेचे मागवले, तेही पडून आहेत. चांगले उबदार हातमोजे आणि पायमोजे कोणते ते सांगा. शुक्रवारी रात्री गावी निघतेय, त्याआधी घ्यायचेत. 'डॉक्टरांना दाखवा' सांगू नका. दाखवलंय, 'रक्त कमी फिरतं' म्हणाले.

हिमवाट (रात्री 11:02)
आत मेरिनो लोकरीचा पातळ हातमोजा, वर वारा अडवणारा जाड. बंगाल-नेपाळ सीमेवरच्या सांदकफूला (3636 मीटर) डिसेंबरात मी हेच वापरले, बोटं टुणटुणीत. सुती काही घालू नका.

सई_टोरांटो (रात्री 11:15)
मला हाच त्रास अकरा वर्षं आहे. पाच बोटांचे हातमोजे विसरा. मिटन घ्या, म्हणजे चार बोटं एकाच पिशवीत. बोटं एकमेकांना ऊब देतात. बाहेर पडायच्या आधी घरातच घालायचे. हात गार पडल्यावर घातले तर गारवाच आत कोंडतो.

हिमवाट (रात्री 11:21)
मिटन घालून माणूस काम काय करणार? साधी चेन लावता येत नाही.

सई_टोरांटो (रात्री 11:24)
मी त्यातच बर्फ उपसते.

फौजी_सातारा (बुधवार, सकाळी 6:10)
ताई, आई बाहेर काय काम करतात? गाव कोणतं? वय? एका वेळी किती तास? हे कळल्याशिवाय सगळं अंदाजपंचे.

स्वयंपाकघरातून (सकाळी 7:30)
टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल, म्हणजे आमचं मुठेल, कोमट करून रात्री लावा. आठ दिवसांत फरक. माझ्या सासूबाईंचा अनुभव.

गोदाकाठची (सकाळी 9:05)
भेगांचं विचारलं नव्हतं हो. काय काम म्हणजे? दारं धरते, एकेका वाफ्याला पाणी वळवते. निफाड तालुका, उन्हाळ कांदा. पंपाची लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात रात्री. वय 56.

फौजी_सातारा (सकाळी 9:20)
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! म्हणजे पाय पाण्यात, हात फावड्याला नाहीतर चिखलात. ओला हातमोजा घालण्यापेक्षा उघडा हात बरा. लेहला आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं: थंडी माणसाला मारत नाही, ओल मारते. तुमचे दोन्ही जोड ओले होऊन फुकट गेले असणार. पायात काय असतं?

गोदाकाठची (सकाळी 9:31)
काही नाही. चपला चिखलात रुततात.

बांधावरून (सकाळी 9:50)
मी शेजारच्या तालुक्यातला. ताईंचं बरोबर आहे, वाफ्यात चप्पल टिकत नाही. आणि मोटारीचं पाणी पहाटे कोमट लागतं, त्यात पाय बरे वाटतात. बांधावर आलं की वाऱ्याने झोंबतं. मूळ दुखणं रात्रीची लाईट आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या सरकारी योजनेत अर्ज करा, शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, दिवसा पाणी भरा, हातमोज्यांची भानगडच नको.

कांदेनवमी (सकाळी 10:12)
आमचा अर्ज करून किती महिने झाले, अजून पॅनेल नाहीत. आणि थंडीत ऊन चढेस्तोवर पंप जोर धरत नाही. ताई, लागण कधीची? वाण कोणता? शेंडे पिवळे पडलेत का?

बांधावरून (सकाळी 10:20)
माझा पंप नऊ वाजता चांगलं पाणी फेकतो. तुमची विहीर किती खोल?

डॉक्टर_आजोबा (सकाळी 11:00)
विहीर नंतर मोजा. पांढरी, मग निळी, मग लाल, हे वर्णन नमुनेदार आहे. याला रेनो म्हणतात. 1862 साली फ्रान्समधल्या मोरिस रेनो या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा नीट मांडलं. गारव्याने बोटांच्या बारीक धमन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. 'रक्त कमी फिरतं' हे खरं, पण अर्धं. उत्तरं द्या:
दोन्ही हातांना होतं की एकाच? बोटांच्या टोकांना जखम? कातडी ताठ किंवा चकचकीत? सांधे दुखतात? साखर? कुठल्या गोळ्या? तंबाखू?

गोदाकाठची (दुपारी 1:15)
दोन्ही. जखम नाही. साखर नाही. सांधे सगळ्यांचेच दुखतात. तंबाखू आमच्या घरात कुणी खात नाही. बीपीची गोळी आहे, नाव भावाला विचारते. पण हातमोज्यांचं काय?

तिळगूळ (दुपारी 1:40)
तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कडकडवून रात्री तळहात-तळपाय चोळा. मेथीचे लाडू. आणि शेतात जाताना दोन चमचे ब्रँडी, आमचे वडील घ्यायचे.

डॉक्टर_आजोबा (दुपारी 2:05)
तेल चोळा, लाडू खा, हरकत नाही. ब्रँडी अजिबात नको. दारूने कातडीकडे रक्त येतं, ऊब वाटते, पण अंगातली उष्णता बाहेर जाते.

तिळगूळ (दुपारी 2:11)
वडील 84 वर्षं जगले.

फौजी_सातारा (दुपारी 2:30)
त्यांची बोटं पांढरी पडत नव्हती.
ताई, लिहून घ्या. पाय: गुडघ्यापर्यंतचा गमबूट, एक नंबर मोठा. आत जुन्या योगा मॅटचा तळवा कापून घाला, त्यावर एकच लोकरी मोजा. दोन मोजे कोंबले तर पाय आवळतो आणि रक्त आणखी थांबतं. एक कोरडा जोड पिशवीत, मध्यरात्री बदलायचा. हात: आत लोकरी, वर फवारणीला वापरतात ते लांब रबरी हातमोजे, तेही एक नंबर मोठे. घामाने आतला ओला झाला की बदलायचा.

सई_टोरांटो (दुपारी 3:00)
आणि छाती, मान, कान. अंग गार पडलं की शरीर आधी हातापायांचं रक्त तोडतं, हृदय-फुप्फुसं सांभाळतं. मी स्वेटर वाढवला त्या वर्षी बोटांना जास्त फरक पडला, हातमोज्यांनी इतका नाही. जुन्या लोकरी मोज्यांचे पंजे कापून मनगटात चढवा. मनगटाला कातडीखालीच नाडी असते.

गोदाकाठची (रात्री 9:48)
भावाने पाकिटाचा फोटो पाठवला. ॲटेनोलॉल 50. आणि तो म्हणतो, आई मशेरी लावते ते सांग. मशेरीचा काय संबंध? ती दात घासायला आहे.

डॉक्टर_आजोबा (रात्री 10:05)
दोन्हींचा आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि धमन्या आवळतं. दिवसातून किती वेळा?

गोदाकाठची (रात्री 10:12)
सकाळी. दुपारी. दारं धरायला जाताना, झोप येऊ नये म्हणून. मला हे कधी तंबाखू वाटलंच नव्हतं. आजीही लावायची.

डॉक्टर_आजोबा (रात्री 10:30)
म्हणजे थंडीत उतरायच्या ऐन आधी. तिथूनच सुरुवात करा. आणि ॲटेनोलॉल बीटा ब्लॉकर गटातलं औषध आहे, त्याने बोटं गार पडण्याचा त्रास वाढू शकतो. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, एकदम बंद केली तर हृदयावर येतं. ज्यांनी दिली त्यांना 'बोटं पांढरी पडतात' एवढं सांगा, बदलता येते का ते ते बघतील. रेनोसाठी चालणारी बीपीचीच वेगळी गोळी असते. वयाच्या पन्नाशीनंतर हे सुरू झालं असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि एएनए (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे का, याची रक्ततपासणी) तपासून घ्या. टोकाला जखम किंवा काळं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

गोदाकाठची (रात्री 10:34)
तीनेक वर्षं झाली. बाबा गेले तेव्हापासून दारं तीच धरते. आधी कधी रात्री जात नसे, म्हणून थंडीचंच आहे असं धरून चाललो.

हिमवाट (रात्री 10:50)
हात गरम करायच्या पुड्याही मिळतात. फोडल्या की आतली लोखंडाची भुकटी हवेने तापते, काही तास ऊब राहते.

डॉक्टर_आजोबा (रात्री 11:01)
चालतील, पण उघड्या कातडीवर नको. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. म्हणूनच शेतातून आल्या आल्या हात शेकोटीवर धरायचे नाहीत. काखेत धरायचे, किंवा कोमट पाण्यात.

गोदाकाठची (सोमवार, रात्री 8:20)
शनिवारी रात्री आईबरोबर शेतात गेले. पहिल्यांदाच. साडेअकराला लाईट आली. गमबूट, मनगटात कापलेले मोजे, कानटोपी, बाबांचं स्वेटर आतून, सगळं घातलं. मशेरीचा डबा मी घरी ठेवून घेतला, त्यावरून बोलणी खाल्ली.

अडीचच्या सुमारास तिने रबरी हातमोजा काढून दाखवला. करंगळी आणि शेजारचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत पांढरं, मेणबत्तीसारखं, आणि तिथे रेघ मारल्यासारखा नेहमीचा रंग सुरू. बाकीची तीन बोटं ठीक होती. "एरवी पाची जातात," म्हणाली. मी तो हात माझ्या काखेत धरला. दहाएक मिनिटांनी लाल झाला. ठणकला, पण ती बोलत होती, कुठला वाफा फुटलाय ते सांगत होती.

पाय चांगले राहिले. बुधवारी गोळीचं विचारायला भाऊ नेणार आहे, तपासण्याही तेव्हाच.

आता अडचण ही आहे की रबरी हातमोजा ओला झाला की फावड्याचा दांडा हातातून फिरतो. दोनदा दार फोडताना सटकलं. ती म्हणते, त्यापेक्षा उघड्या हाताने बरं. दांड्याला काय गुंडाळतात?

बांधावरून (रात्री 8:41)
सायकलची जुनी ट्यूब. उभी चिरा, ताणून वेटोळी मारा, वर-खाली सुतळीने बांधा. आमच्या सगळ्या फावड्यांना आहे.

कांदेनवमी (रात्री 8:55)
ट्यूब बरोबर. आणि ताई, वाण सांगितलाच नाही.