आई-बाबांना घेऊन यॉर्कला दोन दिवस, काय ठेवू काय काढू?

मिरजेची_लेक:
नमस्कार मंडळी, मी मूळची मिरजेची, सध्या नोकरीला इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. एप्रिलमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच इकडं येतायत आणि दोन दिवस यॉर्कला न्यायचं ठरवलंय, ट्रेननं अर्धा तास पण लागत नाही. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, आख्खी नोकरी मिरज जंक्शनला, त्यामुळं रेल्वे म्युझियम फिक्स आहे. आईचे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत तिला, पण जुन्या वास्तू, बागा असलं तिला फार आवडतं. दोघंही शाकाहारी. मिन्स्टर म्हणजे तिथलं मोठं चर्च, गावाची जुनी तटबंदी, शॅम्बल्स, व्हायकिंगांचं ते जॉर्विक म्युझियम, कॅसल हॉवर्डचा मोठा वाडा, समुद्रकाठचं व्हिटबी अशी भली मोठी यादी झालीय आणि मला त्यांना नुसतं पळवायचं नाहीये. कुणी आई-वडिलांना घेऊन गेलं असेल तर सांगा ना.

कराडचा_गडी:
ताई, रेल्वे म्युझियमला आख्खा दिवस द्या, बाबा लवकर बाहेर पडायचे नाहीत. स्टेशनच्या मागंच आहे, तिकीट नाही. निळं मॅलार्ड इंजिन तिथंच आहे, १९३८ साली ताशी १२६ मैल म्हणजे २०३ किमी पळालेलं, वाफेच्या इंजिनाचा तो रेकॉर्ड अजून कुणी मोडला नाही. जपानच्या पहिल्या पिढीच्या बुलेट ट्रेनचा डबा पण आहे, आत जाता येतं. आणि चीनसाठी १९३५ ला बांधलेलं एक अवाढव्य इंजिन आहे, ते व्हल्कन फाउंड्रीचं. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे पहिली गाडी धावली तिची इंजिनं ह्याच कारखान्यातनं आलेली, हे बाबांना त्या इंजिनापुढं उभं करूनच सांगा. मिरजेत मीटरगेज, नॅरोगेज, ब्रॉडगेज तिन्ही बघितलेला माणूस आहे तो, त्याला तिथं जे दिसेल ते आपल्याला नाही दिसणार.

कृष्णाकाठ_सांगली:
तटबंदी काढू नका यादीतनं, फक्त सगळी चालू नका. सव्वातीन-साडेतीन किलोमीटर आहे, फुकट आहे, पण वर जायचे दगडी जिने उभे आहेत आणि काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडाच नाही, आईला नको. एप्रिलमध्ये तटाच्या उतारावर पिवळे डॅफोडिल्स असतात, ते खालनंच छान दिसतात. बाबांना बूथम बार ते मंक बार (बार म्हणजे तटाचे जुने दरवाजे) एवढाच तुकडा चालवा, मिन्स्टर सगळ्यात भारी तिथनं दिसतं. तोवर आई म्युझियम गार्डन्समध्ये बसेल, जवळच आहे, सेंट मेरीज ॲबे म्हणजे जुन्या मठाचे पडके खांब-कमानी आहेत आणि रोमन काळातला बुरुज.
आणि नदीवर जाच. ऊझ नदी दर थोड्या वर्षांनी गावात शिरते, २००० साली नेहमीच्या पातळीच्या वर ५.४ मीटर चढली होती. काठावरच्या एका जुन्या पबमध्ये पुराच्या खुणा लिहून ठेवल्यात. आपल्याकडं सांगलीत पावसाळ्यात कृष्णेच्या आयर्विन पुलावर पाणी किती फुटांवर आलं ते बघत बसणाऱ्या माणसांना त्या खुणा बघून गलबलून येतं, निदान मला तरी आलं.

वाईची_सून:
मी सासूबाईंना नेलं होतं, त्यांचेही गुडघे असेच. मिन्स्टरच्या टॉवरला २७५ पायऱ्या आहेत, तो सोडाच. पण आत पूर्वेची मोठी काचेची खिडकी आईंना निवांत बघू द्या, १४०५ ते १४०८ मध्ये जॉन थॉर्नटननं केलेली, टेनिस कोर्टाएवढी, त्यात बायबलातली जगाची सुरुवात आणि शेवट दोन्ही रंगवलंय. सासूबाई बराच वेळ तिच्यापुढं नुसत्या बसून होत्या. संध्याकाळची गायनाची प्रार्थना असते ती चुकवू नका, तिला तिकीट नाही आणि आवाज त्या उंच छतात घुमतो तो ऐकण्यासारखाच आहे.
शॅम्बल्स म्हणजे जुनी खाटीक गल्ली, गर्दी प्रचंड, सकाळी लवकर एक फेरी मारली की झालं. जॉर्विकमध्ये बसून फिरवतात, गुडघ्यांना बरं. व्हिटबी मात्र काढा, ॲबेला जायच्या १९९ पायऱ्या आहेत. खाण्याचं म्हणाल तर जॅकेट पोटॅटो म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, चीज स्कोन, सूप कुठंही मिळतं, तरी शेंगदाण्याची चटणी पर्समध्ये असू द्याच.

मिरजेची_लेक:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! म्हणजे पहिला दिवस रेल्वे आणि नदी, दुसरा मिन्स्टर आणि बाग. तिसरा दिवस काढता येईल बहुतेक, मग कॅसल हॉवर्ड का अजून काही?

कराडचा_गडी:
कॅसल हॉवर्ड देखणं आहे, १६९९ ला काम सुरू झालेलं, पण मी पिकरिंग गाव म्हणेन. यॉर्कहून कोस्टलायनर ८४० बस जाते, तिथनं ग्रोसमाँटपर्यंत १८ मैल जुनी वाफेची रेल्वे चालते, मूर्स म्हणजे तिथल्या उघड्या डोंगराळ माळरानाच्या मधनं. आईला बसल्या जागी डोंगर बघायला मिळतात आणि बाबांना काय, कोळशाचा वास. इंजिन दर फेरीला वाफेचंच असेल असं नाही, वेळापत्रकात बघून वाफेवालीच फेरी बुक करा, आणि परतीची बस आधी बघून ठेवा.