नेटची दुसरी लाईन घ्यायची, का सिमवर भागवायचं?

शिरोलीचा टर्नर
कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप. परवा जेसीबीनं रस्ता उकरताना फायबर तुटली, दुपारी दोनला नेट गेलं. टेम्पो भरून दारात उभा आणि जीएसटीचं ई-इनव्हॉइस निघेना. ५ कोटींच्या वर उलाढाल असली की ऑगस्ट २०२३ पासून ते सक्तीचं, त्याशिवाय माल सोडायचा कसा? शेवटी पोराच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून बिल काढलं. आता पोरगा म्हणतोय, दुसऱ्या कंपनीची फायबर घेऊया. माझ्या मते हा फुकटचा खर्च. वर्षातून चारदा नेट जातं, त्यासाठी बारा महिने भाडं?

उद्यमनगरी
काका, पोरगा जेवायला घरी गेला की हॉटस्पॉट पण गेला! तुमचं बॅकअप त्याच्या खिशात आहे. दोन वॅनचा, म्हणजे नेटच्या दोन लाईन लावता येणारा राउटर घ्या, एक लाईन पडली की दुसरी आपोआप चालू होते. टेम्पोवाला दोन तास थांबला तर त्याचं भाडं कोण देतं?

तारवाला
मी स्वतः केबल ओढतो, तरी माझ्या धंद्याच्या विरोधात बोलतो. दोन कंपन्या घेतल्या म्हणून दोन वाटा होत नाहीत. बऱ्याच ठिकाणी दोन्ही तारा एकाच खांबावरून येतात, जेसीबी दोन्ही एकदमच तोडतो. दुसरी लाईन घ्यायची तर ती कुठल्या बाजूनं येणार ते आधी विचारा. सांगता येत नसेल तर घेऊ नका. त्यापेक्षा सिम घातलेला राउटर बरा, त्याला रस्ताच लागत नाही.

गांधीनगर कापड
आणि २०१९ विसरलात काय? महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. लाईट नाही, टॉवर किती वेळ तग धरणार? सिमवर एवढा भरवसा नको.

उद्यमनगरी
पुरात टेम्पो तरी कुठं जाणार होता, भावा?

सर्व्हररूम
सिमवाल्यांसाठी एक. तुमचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) ऑफिसातल्या सर्व्हरवर आहे आणि पुण्याचा माणूस बाहेरून लॉगिन करतो, असं असेल तर साध्या सिमवर ते बंद पडेल. मोबाईल कंपनी हजारो गिऱ्हाइकं एकाच आयपीमागे, म्हणजे नेटवरच्या एकाच पत्त्यामागे बसवते. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. कॅमेऱ्यांचंही काही सेटअपमध्ये तेच. बिलं काढायला मात्र सिम पुरतं.
दुसरं, राउटर नुसती तार जिवंत आहे का एवढंच बघत असेल तर फसाल. मोडेमचा दिवा हिरवा असतो आणि पुढं नेट मेलेलं. बाहेरचा पत्ता, गुगलच्या ८.८.८.८ सारखा, पिंग करून, म्हणजे तिकडून उत्तर येतं का ते बघून, तपासायला लावा.

तारवाला
आणि राउटरला यूपीएस! कॉम्प्युटरला असतो, राउटरला नसतो. लोकल लाईनच्या वाटेत कुठं नेटचा स्विच (तारा जोडणारी, विजेवर चालणारी पेटी) असला तर तिथली लाईट गेली तरी नेट जातंय, ते वेगळंच.

शिरोलीचा टर्नर
आमच्याकडं बाहेरून कोण लॉगिन करत नाही. दुसरी फायबर नको, यावर मी ठाम. सिमचा राउटर घेतो, सिम मात्र पोराच्या कंपनीचं नको, वेगळं. बसवला की मेन तार स्वतः उपटून बघणार.
पोराला सांगू नका, मी राउटरला तयार झालो म्हणून. अजून आठवडाभर वाद घालायचाय.