पाठभेद नोंदवताना आधारप्रत कुठली धरावी? (सहा पोथ्या, ४१२ ओव्या)

ओवीशोधक

विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत पीएचडीसाठी एका अप्रकाशित आख्यानाची चिकित्सक आवृत्ती (सगळ्या पोथ्या ताडून ठरवलेली संहिता) करते आहे. सहा पोथ्या हाती आल्या, सगळ्या बाळबोध (देवनागरी) लिपीत: पु१, पु२ (पुणे), धु (धुळे), तं (तंजावर), ना (नाशिक), बा (बार्शी). पु१ च्या पुष्पिकेत (नकलकाराची शेवटची नोंद) 'शके १६१२ प्रमोदनाम संवत्सरे' आहे, म्हणून ती सर्वांत जुनी धरली आहे. धु आणि तं वर १७०० नंतरचे शक आहेत, बाकीच्यांवर काहीच नाही.

पु१ जशीच्या तशी छापून इतरांचे पाठ (त्या जागी असलेले वेगळे शब्द) तळटीपेत द्यावेत, की जिथे चार पोथ्या एका बाजूला आहेत तिथे त्यांचं ऐकावं? ह्रस्व-दीर्घ, अनुस्वार सगळं नोंदवलं तर तळटीपा ओवीपेक्षा लांब होतात, त्याचं काय करतात? शिवाय ना आणि बा मध्ये ओवी २१७ नंतर १२ ओव्या जास्त आहेत.

काकपद

आधी तो शक पुन्हा वाचा. शकात १२ मिळवून ६० ने भागलं की बाकी उरते तो साठ संवत्सरांच्या चक्रातला, पहिल्या प्रभवापासूनचा क्रमांक. (ताळा पाहायचा तर एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ते शके १५०६, तारणनाम: बाकी १८, आणि तारण अठरावाच.) तुमच्या १६१२ ला बाकी ४ येते, प्रमोद, जुळलं. पण १६७२ लाही बाकी ४ च येते! तिसरा आकडा १ आहे की ७ हे संवत्सर सांगणार नाही, आणि घाईच्या हातात हे दोन आकडे सहज फसवतात. त्याच पोथीतले ११, १७, २७ हे पत्रांक (पत्रांवरचे आकडे) काढून शेजारी ठेवा, लेखकाचा ७ कळेल. पुष्पिकेत तिथी आणि वार दोन्ही असतील तर स्वामिकण्णू पिल्लै यांच्या कोष्टकांत (इ.स. ७०० ते १७९९) दोन्ही वर्षं पडताळा. वद्य पक्षाची तिथी असेल तर महिना अमान्त (अमावास्येला संपणारा) धरा. पोथी काशीकडे लिहिलेली असेल तर पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा) धरूनही पाहा. आणि नकलकार समोरच्या पोथीची पुष्पिकाही शकासकट उतरवतात, तेव्हा कागद आणि अक्षराचं वळण त्या काळाशी जुळतं का तेही बघा.

आता मुख्य मुद्दा. पोथ्यांची मोजदाद करू नका. पु२, धु, ना, बा या चौघींत ओवी ८८ चा तिसरा चरण गळला असेल तर त्या चौघी एकाच सदोष प्रतीच्या लेकी असण्याची शक्यता मोठी, म्हणजे मत एकच. नातं ठरतं ते समान चुकांवरून; बरोबर पाठ सगळ्यांत सारखा असणं काहीच सिद्ध करत नाही. उपयोगी चुका म्हणजे गळलेला चरण, जागा बदललेली ओवी, दोन ओव्यांचा शेवट सारखा असल्याने नजर उडी मारून मधली ओवी सुटणं. घ/ध, भ/म, थ/य, ब/व यांतले गोंधळ कोणाकडूनही स्वतंत्रपणे होतात, त्यांवर वंशवृक्ष (कुठली पोथी कुठलीवरून उतरली ते दाखवणारा) उभारू नका.

पाठ निवडताना विचारायचं: यातला कुठला पाठ असता तर बाकीचे त्यातून बिघडले असते? ओवीच्या पहिल्या तीन चरणांचं यमक मदतीला येतं, पण जपून. यमक फक्त एका उशिराच्या पोथीतच छान जुळत असेल तर नकलकाराने ते जुळवून घेतलेलं असू शकतं.

पत्रावळ

तुलनेची प्रत आणि संहितेची प्रत यांची गल्लत होते आहे. तुलनेसाठी सर्वांत पूर्ण पोथी घ्यायची, जुनी असो वा नसो. ती फक्त मोजपट्टी. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी (१९१९ ते १९६६) तक्त्यावर चौकोन आखून अक्षरागणिक फरक भरत असत. तेच स्प्रेडशीटमध्ये करा: एका चरणाला एक ओळ, म्हणजे १६४८ ओळी; प्रत्येक पोथीला एक स्तंभ, शेवटी शेरा. रिकामा चौकोन कधीही ठेवू नका. 'मजकूर गळला', 'वाचता येत नाही' आणि 'पत्रच नाही' यांना तीन वेगळ्या खुणा हव्यात, नाहीतर वंशवृक्षाच्या वेळी सगळं पुन्हा उघडावं लागतं.

हरताळ (चुकीचं अक्षर झाकायचा पिवळा रंग) फासून केलेली दुरुस्ती असेल तर मूळ आणि दुरुस्त असे दोन्ही पाठ नोंदवा (तं-मू, तं-दु). तिरपा उजेड टाकून फोटो काढला तर हरताळाखालचं अक्षर पुष्कळदा दिसतं. समासात (पानाच्या कोऱ्या काठावर) मागाहून घातलेल्या भरीजवळ आकडा असतो तो ओळीचा, आणि भर खालच्या समासात असेल तर तो बहुधा खालून मोजलेला असतो. पत्रांक आपल्याकडच्या कागदी पोथ्यांत सहसा पाठच्या पानावर असतो, तेव्हा आकडा दिसतो ती बाजू 'ब'. फोटोंना नावं देताना हे उलटलं की सगळे संदर्भ एका पानाने सरकतात.

कोलेटएक्ससारखं पाठ ताडून पाहणारं संगणकी साधन वापरणार असाल तर ते मोकळ्या जागेवरून शब्द तोडतं, आणि पोथीत शब्द सलग असतात. मजकूर अक्षरांत तोडून द्या. टंकनात 'र्‍या' आणि 'ऱ्या' मिसळू देऊ नका: पडद्यावर सारखेच दिसतात, पण संगणकाला पाठभेद वाटतात.

मोडीमित्र

शुद्धलेखनाबद्दल. ह्रस्व-दीर्घ, न/ण, श/स, ख च्या जागी ष ('देषिलें') हे प्रस्तावनेत एकदाच सांगा, दोन-चार उदाहरणं द्या, तळटीपेतून काढा. मूळ प्रत मोडीत असेल तर ह्रस्व-दीर्घाला काही किंमतच नाही, मोडीत तो भेद पाळत नाहीत. पण अनुस्वार सरसकट उडवू नका. 'घरीं', 'तेणें' यांतला अनुस्वार विभक्ती सांगतो. 'घरी' घेतलं की सप्तमी आहे की नाही हा प्रश्न वाचकावर ढकलला जातो. म्हणून विभक्तीचा अनुस्वार तळटीपेत, बाकीचा प्रस्तावनेत. तक्त्यात मात्र सगळं जसं आहे तसं ठेवा. गाळायचं ते छापताना.

ओवीशोधक

आभार. १२ जास्तीच्या ओव्या परिशिष्टात टाकू का?

काकपद

आधी त्यांचे क्रमांक बघा. त्यांना क्रमांकच नसतील, किंवा पुढे पुन्हा २१८ पासून सुरू होत असेल, तर त्या समासातून आत आल्या असण्याचा संभव जास्त. क्रमांक सलग असले तरी निर्धास्त होऊ नका, बा ही ना ची नक्कल निघाली तर साक्ष एकाच पोथीची. दोन-तीन ओव्या असत्या तर पानाखाली तारांकित करून देता आल्या असत्या. बारा आहेत, परिशिष्टच बरं. २१७ च्या टीपेत तिकडचा निर्देश करा. आणि संहितेत घेतलेला पाठ तुम्हाला स्वतःलाच डळमळीत वाटत असेल तिथे भांडारकर प्रतीसारखी त्याखाली नागमोडी रेष द्या, परीक्षकांना ती खटकत नाही.